पायांकडे बघणाऱ्या बाई

बाई माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. तुम्ही त्यांच्या समोरून रोज गेला असता, तरी तुमचा चेहरा त्यांना आठवला नसता. पण तुमची डावी टाच आधी झिजते की उजवी, हे त्यांनी बरोबर सांगितलं असतं. शाळेतून आल्यावर ओट्यावर बसायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि रस्त्यावरचे पाय बघायचे, हा त्यांचा नेम. भोरच्या बाजाराच्या दिवशी तर त्यांना उठवत नसे.

"एवढं काय बघता?" मी एकदा विचारलं.

"भाऊ, चालताना जे हलतं ते सगळ्यांनाच दिसतं. आधी कोण गप्प बसलंय ते बघा."

मला हे उत्तर आवडलं नाही. ज्याचं बोलणं पहिल्या झटक्यात कळत नाही, त्याच्या नावापुढं मी मनात एक खूण करून ठेवतो. हा माझा स्वभाव म्हणा की धंदा. मी दूध संकलन केंद्रावर दूध तपासतो. पाणी घातलं की लॅक्टोमीटर खाली जातो, हे गावाला कळलं तेव्हा लोक पाण्याबरोबर साखरही घालू लागले, म्हणजे तो परत वर येतो. तेव्हापासून आकडा कमी आला तर मला संशय येतो आणि बरोबर आला तर जास्त येतो.

बाई आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आल्या. हायस्कुलात विज्ञान शिकवायला आल्या होत्या. त्याआधी पुण्याला, डॉक्टर होणाऱ्या मुलांना त्या शरीराचे प्रयोग दाखवत. ती नोकरी का सोडली ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी विचारायचं सोडलं नाही. वय पंचेचाळिशीचं, एकट्या, कपाळ मोकळं. एक ट्रंक, एक स्टोव्ह, आणि काचेच्या बरण्या मात्र भांड्यांपेक्षा जास्त. परसातल्या हौदात त्यांनी बेडूक सोडले. एका बरणीत चपट्या, करड्या, शर्टाच्या गुंड्यांसारख्या बिया होत्या. बरणीवर चिठ्ठी होती: काजरा.

काजरा आमच्याकडं कुणाला सांगावा लागत नाही. वेल्ह्याच्या रानात त्याची झाडं आहेत, आणि त्याच्या बियांनी कुत्री मारतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"ह्या कशाला?" मी विचारलं.

"मुलांना दाखवायला. फळं मार्गासनीच्या दगडूनं आणून दिली. तुमचाच नातेवाईक ना तो?"

दगडू म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचा मुलगा. मी बायकोला सांगितलं, आपल्या घागरीवर झाकण ठेवत जा.

आता तुम्ही म्हणाल, असा भाडेकरू ठेवला कशाला? खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं ऐकायला मला आवडू लागलं होतं. विश्वास नव्हता, पण ऐकायला काय हरकत? एकदा समोरच्या घरात दोघी जणी एकाच उखळात भात कांडत होत्या. एकीचं मुसळ खाली, दुसरीचं वर; दुसरीचं खाली, पहिलीचं वर. बाई मला म्हणाल्या, "सांगा भाऊ, ह्यात अवघड काम कोणतं?"

"घाव घालायचं."

"घाव कोणीही घालील. अवघड आहे ते दुसरीचा घाव पडेपर्यंत आपलं मुसळ वर धरून ठेवणं. नाहीतर मुसळावर मुसळ आदळेल." मग त्यांनी आपली पोटरी दाखवली. "पायाचंही तेच. पुढचा स्नायू ओढतो तेव्हा मागच्यानं गप्प बसावं लागतं. त्याला 'थांब' कोण म्हणतं? डोकं नाही म्हणत. डोक्यानं पाऊल मोजायचं ठरवलं तर माणूस घरातून देवळापर्यंतही पोचणार नाही. हे सगळं इथं, पाठीच्या कण्यातल्या दोरीत ठरतं. तिथं एक 'हल' म्हणणारा असतो आणि एक 'थांब' म्हणणारा. दोघं आळीपाळीनं बोलले की चाल होते."

"आणि हा 'थांब' म्हणतो कसा? ओरडून?"

"एक द्रव्य सोडतो. ग्लायसीन. आत्ता आत्ता कळलंय हे, दहा वर्षंसुद्धा झाली नाहीत नीट. चवीला गोड असतं."

गोड म्हटल्यावर मला दुधातली साखर आठवली आणि मी उठलो.

अशात आमची शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाईंनी तिचेही पाय बघितले, म्हणाल्या, मुलीची चाल छान आहे. आणि त्याच दमात मला म्हणाल्या, "भाऊ, हिला धनुर्वाताच्या दोन टोचण्या करून घ्या. एक आता, एक महिन्यानं. सरकारी दवाखान्यात मिळतात."

ते दिवस कोणते होते ते तुम्हाला आठवत असेल. नसबंदीच्या मोहिमेचे. सुई हा शब्द काढला तरी लोक शेतातून पळत. वेल्ह्याकडं दवाखान्याची जीप दिसली की वाडीत बाप्या माणूस उरत नसे. आमच्या आळीत कुजबूज होती की आता बायांची पाळी आहे. धनुर्वाताचं नाव सांगून टोचतात आणि पोरी वांझ होतात. माझी बायको भोळी नाही, पण तिनंही पदर तोंडाशी नेला.

"हिला स्वतःला ना मूल ना बाळ," ती म्हणाली, "दुसऱ्याच्या पोरीला सुई टोचायची घाई हिला का?"

प्रश्न मला रास्त वाटला. मीही बाईंना तोच विचारला, जरा शब्द बदलून. बाई पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "तुमच्याकडं नाळेला काय लावतात?"

मला माहीत नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीतलं पुरुषाला काय माहीत असणार? आमच्या घरातली बाळंतपणं बायकोची मार्गासनीची मावशी, म्हणजे दगडूची आई, करायची. शालनही तिच्याच हातावर आलेली. निम्म्या वेल्ह्याची पोरं तिच्या हातची. तिला बोलवायचं हे शालनचं लग्न ठरलं तेव्हाच ठरलेलं होतं.

दोन दिवसांनी दगडू दारात आला, तो ओरडतच.

"कुठाय ती बाई? दाजी, आदी तिला भाईर काडा! माजा गोऱ्हा मारला तिनं! काजरा घातला!"

आळी गोळा झाली. दगडूचं म्हणणं असं: बाई आठवड्यापूर्वी झाडपाला बघायला मार्गासनीला आल्या, त्याच्या गोठ्यात उभ्या राहून नव्या गोऱ्ह्याच्या पायांकडे टक लावून बघत होत्या, आणि आता गोऱ्हा लाकूड झालाय. सगळं अंग ताठ. हात लावला तर थरथरतो. काजऱ्यानं कुत्रं मरतं तसंच. आणि काजरा तर त्यानंच बाईंना आणून दिलेला.

"माजंच इख माज्याच दावणीला!" असं म्हणून तो रडायलाच लागला.

कुणीतरी म्हणालं, चौकीत द्या. कुणीतरी म्हणालं, आधी बरणी बघा. बरणी मी बघितली. बियांची पातळी होती तिथंच होती. पण हेही मी मनात धरलं की पातळी सारखी ठेवणं काही अवघड नसतं.

बाई बाहेर आल्या आणि एकच बोलल्या, "मेलाय का?"

"न्हाई. पर ऱ्हातोय कुठला."

"कधीपासून ताठ आहे?"

"झालं की दोन-तीन दीस."

"मग मला घेऊन चला."

आमचा दुधाचा टेम्पो रिकामे कॅन घेऊन त्या बाजूला निघाला होता. मी बसलो, बाई बसल्या, दगडू पाठ करून बसला. मी का गेलो? कारण ज्याच्यावर आळ आहे त्याला एकट्यानं पुरावा बघू देऊ नये. वाटभर कॅन एकमेकांवर आदळत होते.

गोऱ्हा गोठ्यात उभा होता, चौरंगासारखा. चार पाय चार दिशांना रोवलेले, कान ताठ, शेपटी मागं काठीसारखी, पोट फुगलेलं. डोळ्यावर आतून पांढरा पडदा आलेला. दगडूच्या बायकोच्या हातून बादली खाली पडली, तसा तो सगळा एकदम आवळला. पडला नाही, नुसता आवळला.

"आवाज करू नका," बाई हळू म्हणाल्या. त्यांनी त्याच्या जबड्याला हात लावला. तो मिटलेला होता, उघडेना. "काजरा असता तर इतके दिवस टिकला नसता. तासा-दोन तासांत निकाल लागतो. आणि दोन झटक्यांच्या मधे अंग सैल पडतं. हा सैल पडला होता का?"

आता हे त्या सांगणारच, असा माझ्या मनात विचार आला. म्हणून मी दगडूला गोठ्यामागं नेलं आणि त्यांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "सैल पडत होता का रे मधे मधे?"

"कशाचा सैल दाजी? पयल्या दिसापास्नं दगूड झालाय. आदी चारा चावंना, मग मान आकाडली, मग पाय."

"आणि त्याच्या आधी काय केलंत?"

"काय करनार? येसन घातली."

वेसण. म्हणजे नाकपुडीच्या पडद्याला दाभणानं भोक पाडून दोरी ओवलेली. मी परत आत आलो आणि गोऱ्ह्याचं नाक बघितलं. भोक सुजलं होतं आणि त्यात काहीतरी भरलेलं होतं.

"हे काय भरलंय?" बाईंनी विचारलं.

तेव्हा कोपऱ्यातून मावशी बोलली. ती इतका वेळ उखळावर बसून सगळं बघत होती. "म्या भरलं. शेनाची राक. रगत थांबतं. आमी समद्याला त्येच भरतो."

"समद्याला म्हणजे?"

"समद्याला. जनावर असूं द्या न्हाईतर मानूस. पोराच्या नाळंलाबी त्येच. आजचं हाय का हे?"

बाईंनी मला नाळेचं काय विचारलं होतं, ते मला आठवलं. मी गोऱ्ह्याच्या नाकाकडे बघत होतो आणि मला दिसत होती ती शालन.

मग बाईंनी दगडूला समजावलं, त्याच्याच गोठ्यात उभं राहून, आवाज न चढवता. "हे बघ, ह्याला धनुर्वात झालाय. काजरा आणि धनुर्वात दोघंही एकाच जागी घाव घालतात. अंगात एक 'थांब' म्हणणारा असतो. काजऱ्यात तो ओरडत असतो, पण ऐकणाऱ्याच्या कानात बोळे घातलेले असतात. धनुर्वातात ऐकणारा तयार असतो, पण म्हणणाऱ्याचंच तोंड बांधलेलं असतं. दोन्हीकडं परिणाम एकच. सगळे स्नायू एकाच वेळी ओढतात. कुणीच गप्प बसत नाही."

"म्हंजी इखच की!" दगडू म्हणाला.

"विषच. पण कुणी घातलेलं नाही. मातीत असतं, शेणात असतं. जखमेतून आत जातं."

"शेनात?" मावशी उठली. "ओ बाई, शेनानं आमी घर सारवतो! देवाफुडं सारवतो! शेनात इख असतं तर ही वाडी कवाच मसनात गेली असती!"

"सारवा की. जखमेत भरू नका." बाई थोडं थांबल्या. "मावशी, तुमच्या हातची जी पोरं सटवाई घेऊन जाते, ती जाताना कशी दिसतात?"

मावशी परत उखळावर टेकली.

"आदी दूद सोडत्यात," ती म्हणाली. "मंग मुटी आवळत्यात. मंग अशी..." तिनं आपले दोन्ही हात गोऱ्ह्याकडे केले आणि पुढं बोलली नाही.

गोऱ्हा त्या रात्रीत गेला. दगडूनं चौकीचं नाव परत काढलं नाही, पण बाईंची माफीही मागितली नाही. आळीनं तर काहीच मागं घेतलं नाही. विष घातलं नसेल, पण नजर लावली असेल, एवढीच दुरुस्ती केली.

माझ्यापुढं आता प्रश्न शेणाचा नव्हता, सुईचा होता. बाई गोऱ्ह्याबद्दल खरं बोलल्या, म्हणून सुईबद्दलही खरंच बोलतील असं कुठं आहे? सकाळचं दूध चांगलं निघालं म्हणून संध्याकाळचं मी न तपासता घेत नाही. मी बाईंना तसं स्पष्ट सांगितलं.

त्या हसल्या. "तपासा. कसं तपासणार?"

"ज्या बाटलीतून शालनला टोचतील, त्याच बाटलीतून आधी तुम्हाला टोचायचं."

"चालेल."

दवाखान्यातल्या सिस्टरनं मला वेड्यात काढलं. मी बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचली. सिस्टरनं उकळलेल्या सुया काढल्या. बाईंनी पोलक्याची बाही वर सरकवली, टोचून घेतलं आणि म्हणाल्या, "आता तुमचा लॅक्टोमीटर लावा हवा तर." एवढ्यात माझी बायको पुढं झाली. "थांबा. मलाबी टोचा. माझं काय जायचंय आता?" तिच्यानंतर शालन. घरी येताना तिघींचे दंड दुखत होते, आणि तिघी मला नावं ठेवत हसत होत्या. मी महिनाभर तिघींवर नजर ठेवली. काही झालं नाही. दुसऱ्या टोचणीला मात्र मी बाईंना पुन्हा पुढं केलं नाही, हे इथं नमूद करतो.

"पण टोचायचं आईला, आणि पोचणार पोटातल्याला?" मी विचारलं. "दुधातून?"

"नाळेतून. तुम्हाला सगळं दुधातूनच जातं असं वाटतं."

शालनला मुलगा झाला. मावशीच आली होती. तिला बोलवायचं नाही असं आमच्यात कुणी म्हणू शकलं नसतं. तिनं कमरेचा विळा काढला, तेव्हा बायकोनं उकळलेलं नवं पातं तिच्यापुढं धरलं. मी दाराबाहेर होतो. ऐकू सगळं येत होतं.

"आनि राक?"

"राख नाही, मावशी."

"मग काय साकर लावू?"

"काही लावायचं नाही."

"कायबी न्हाई?" मावशीचा आवाज चढला. "उगं हात बांदून बसू? आगं, कायतरी लावल्याबिगर मला कसं राहवंल?"

पुढं बायकोनं सांगितलं, मावशी बाळाच्या नाळेपुढं मांडी घालून, दोन्ही हात पाठीमागं धरून बसली होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

बाई खोलीत शिरत नसत. बायकोला ते चालणार नाही हे त्या ओळखून होत्या. शाळेला जाताना आणि येताना उंबऱ्याबाहेर थांबून एकच विचारायच्या, "वहिनी, दूध ओढतंय का?"

एका सकाळी उत्तर आलं नाही.

बाळानं पहाटेपासून छाती धरली नव्हती. तोंडाशी नेलं की मान फिरवायचं आणि रडायचं. शालन भिंतीला टेकून होती. मावशी त्याच्या मुठींकडं बघत होती. बायको माझ्याकडं बघून म्हणाली, "तरी मी म्हणत होते, सुई नको." मला तेव्हा वाटलं, आपण काय तपासलं? चिठ्ठी वाचली, पण आतलं पाणी कुणी बघितलं?

बाई चप्पल काढून सरळ आत आल्या. कुणी अडवलं नाही. त्यांनी हात धुतले, बाळाला मांडीवर घेतलं आणि आपली करंगळी त्याच्या हिरड्यांवर ठेवली. आम्ही सगळे त्या करंगळीकडं बघत होतो.

बाळानं तोंड मिटलं आणि करंगळी चोखायला लागलं, जोरात.

"जबडा सुटा आहे," बाई म्हणाल्या. "नाक चोंदलंय ह्याचं. तोंड भरलं की श्वास कुठून घेणार? आईच्या दुधाचा एक थेंब नाकात सोडा."

मावशीनं थेंब सोडला. बाळ शिंकलं. मावशीनं त्याला शिवी दिली, इतकी घाणेरडी की इथं लिहिता येत नाही, आणि त्याला शालनच्या छातीशी लावलं.

उन्हाळ्यात शाळेनं बाईंना पुढच्या वर्षी नको म्हणून कळवलं. कारण लिहिलं नव्हतं. काजरा, बेडूक, सुई, मार्गासनीचा गोऱ्हा, ह्यांपैकी ज्याला जे कारण हवं ते त्यानं धरलं. बायको म्हणाली, लोकांना सांगू या, आमचं पोर बघा. पण लोकांचं म्हणणं, एक झालं, त्याचं काय? दुसरं होऊ दे, मग बघू. दुसरंही झालं, पण तोवर इथं ऐकायला बाई नव्हत्या.

जायच्या आदल्या दिवशी त्या निरोप घ्यायला आल्या. ट्रंक बांधलेली होती, बेडूक त्यांनी नदीत सोडले होते. शालनचं बाळ गोधडीवर होतं. बाईंनी विचारलं, "उचलू?" आणि त्याला दोन्ही काखांत धरून असं उभं केलं की त्याच्या पायांचे तळवे गोधडीला नुसते टेकले.

त्यानं एक पाय उचलला. तो पुढं टाकला. मग दुसरा उचलला.

"आगं बया, चालतंय!" बायको ओरडली. "अजून मान धरत नाही आणि चालतंय!"

"सगळीच चालतात," बाई म्हणाल्या. "थोडे दिवस. मग विसरतात आणि वर्षानं परत शिकतात. ह्याला कुणी शिकवलेलं नाही. कण्यात आहे." बाळ गोधडीच्या टोकापर्यंत गेलं. तिथं बाईंनी त्याला वळवलं आणि ते परत आलं, गंभीर चेहरा करून, एक पाय गप्प ठेवून दुसरा टाकत. बाई त्याच्या पायांकडं बघत नव्हत्या. त्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या गेल्या. पत्ता दिला नाही, मीही मागितला नाही. मी केंद्रावरून घरी आलो तेव्हा मागच्या खोल्या उघड्या होत्या आणि बायको तिथं झाडत होती. शालन आंघोळीला गेली होती. बाळ जागं होतं.

बाईंनी काल आपल्याच हातांनी त्याला हळूच पुढं सरकवलं असेल, असा मला संशय होता. मी दार लोटून घेतलं, बाळाला काखांत धरलं, त्याचे तळवे गोधडीला टेकवले, आणि माझे हात अजिबात हलणार नाहीत याची काळजी घेतली.

त्यानं पाय उचलला.